ठसा जुळत नाही

दुपारी डबा आटोपला की वृषाली कोरे दवाखान्याचं दार लोटून घ्यायची आणि व्यायामाच्या खाटेवर मांडी घालून बुद्धिबळाचा एक डाव खेळायची. मिरजेतल्या लोकांचे गुडघे आणि पाठी भर दुपारी सहसा दुखत नाहीत, असं तिचं निरीक्षण होतं. निदान त्या वेळात तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्याकडे कुणी फिरकत नसे. त्या दिवशी टॅबलेटवर समोर जबलपूरचा कुणीतरी होता. चांगला खेळला. शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक घोडा एवढंच उरलं, वृषालीने तो घोडा हत्तीने टिपला आणि जबलपूरकराने डाव सोडून दिला.

ती खूश झाली. मग तिचं लक्ष पटाच्या कोपऱ्याकडे गेलं. डाव संपला की तिथला दिवा हिरवा होतो. आज तो पिवळाच राहिला होता.

हा दिवा ठशाचा. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन बुद्धिबळ बुडायच्या बेतात होतं. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र कानात घालून कुणीही जगज्जेत्यासारखा खेळू शकत होता, आणि प्रामाणिक हौशी माणसांनी खेळणंच सोडलं होतं. पासवर्ड झाले, कॅमेरे झाले, उपयोग काही झाला नाही. मग काही संख्याशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की खेळाडू ओळखायचा तर त्याच्या चेहऱ्याकडे न बघता डावाकडे बघावं. कोण कुठल्या खेळीला किती वेळ घेतं, कुणाचा घोड्यावर जास्त जीव, कोण वजीर घाईने बाहेर काढतं, शह बसला की कोण गडबडतं. अशा शेकडो बारीक गोष्टी एकत्र केल्या, की प्रत्येकाचा एक ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा. त्यात चुका सर्वांत उपयोगी पडतात. उत्तम खेळी दहा जणांना सुचते, चूक मात्र ज्याची त्याची असते. वृषाली ज्या 'पटांगण' नावाच्या संकेतस्थळावर खेळायची, तिथे आता प्रत्येक डाव ठशाशी ताडून पाहिला जाई. हिरवा म्हणजे खेळणारी व्यक्ती खातेदारच आहे. पिवळा म्हणजे तशी खात्री नाही.

पिवळा दिवा तिने गेल्या महिन्यात आणखी एक-दोनदा पाहिला होता आणि नेटवर्कला दोष देऊन सोडून दिला होता. संध्याकाळी मात्र पटांगणाकडून संदेश आला. तिचं खातं पडताळणीसाठी थांबवण्यात आलं होतं. रविवारच्या आत ठसा जुळला नाही, तर हौशी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीतली तिची जागा पुढच्या खेळाडूला देण्यात येणार होती.

ती जागा काय होती हे तिचं तिलाच माहीत. अकरा वर्षं ती पटांगणावर खेळत होती आणि तिचं गुणांकन चौदाशे-साडेचौदाशेच्या आसपास ठाण मांडून बसलं होतं. वाढलं तर आठवडाभर, मग पुन्हा घरी परत. गेल्या दिवाळीत तिने 'सोबती' घेतला. सोबती हा शिकवणारा प्रोग्राम. तो खेळी सांगत नाही. तो तुमचे जुने सगळे डाव वाचतो, लाखो इतर खेळाडूंच्या डावांशी ताडून तुमच्या कुठल्या सवयी तुम्हाला महागात पडतात ते शोधतो, आणि एकेक सवय सुटेपर्यंत तुमचा पिच्छा पुरवतो. तीन-चार महिन्यांत वृषाली सतराशेच्या वर गेली. देशभरच्या हजारो हौशी खेळाडूंतून शेवटच्या आठांत पोचली. ही गोष्ट तिने फक्त अण्णांना सांगितली होती, आणि अण्णांनी ती सगळ्या कॉलनीला.

घरी दोघंच, ती आणि तिचे वडील अण्णा. शिवलिंग कोरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली तरी घड्याळाकडे ते अजूनही गाडी सुटायची असल्यासारखे बघत. संदेश त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"म्हणजे तू तू नाहीस, असं म्हणतायत हे लोक?"

"तसंच काहीसं."

"मग सकाळी माझ्या वाटणीचं उप्पीट कुणी खाल्लं?"

वृषालीला हसू आलं खरं, पण जेवण गेलं नाही. चोर ठरणं तिला नवीन होतं. पटांगणावर तिच्या ओळखीचे पाच-पन्नास लोक होते, वर्षानुवर्षं समोर बसून खेळलेले, आणि खातं थांबलं की नावापुढे एक राखाडी चौकोन दिसायचा. तो चौकोन इतरांच्या नावापुढे दिसला, की ती स्वतः काय समजायची हे तिला चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले आले ते आवटी. बँकेतून निवृत्त झालेले, कमरेच्या जुन्या दुखण्यामुळे वर्षानुवर्षं उजवीकडे झुकून चालणारे. वृषालीने सहा महिने खपून त्यांना सरळ चालायला लावलं होतं, आणि आता ते तक्रार घेऊन आले होते. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाला रहिवासी ओळखायचं यंत्र होतं, माणूस कसा चालतो त्यावरून दार उघडणारं. गेले दोन दिवस ते आवटींना आत घेत नव्हतं.

"काल मुद्दाम लंगडत गेलो," आवटी म्हणाले. "लगेच उघडलं. वर म्हणतं काय, स्वागत आहे."

"मग नवीन नोंद करून घ्या की."

"करतो. पण एवढे पैसे घालून सरळ झालो, आणि घरात शिरायला वाकडं व्हायचं, हे काही बरं नाही मॅडम."

एरवी हा किस्सा तिने अण्णांना रंगवून सांगितला असता. त्या दिवशी ती आवटींच्या कमरेवर पट्टा बांधताना दुसराच विचार करत होती.

पटांगणाचा फोन संध्याकाळी आला. पडताळणी करणारी बाई नागपूरची होती, शर्वाणी डोंगरदिवे, वयाने तिशीची असेल. पडद्यावर ती दिसली ती कानामागे पेन खोचलेली, आणि आवाजात आरोप नव्हता. तिने सगळं सरळ सांगितलं. यंत्राच्या मते वृषालीच्या खात्यावर दोन माणसं खेळत होती. एक अकरा वर्षं खेळलेली आणि दुसरी गेल्या काही आठवड्यांतली. दुसरी पहिलीपेक्षा बरीच चांगली.

"दुसरीही मीच आहे," वृषाली म्हणाली. "मी सोबतीकडे शिकले."

"शिकलेली माणसं आमच्या यंत्राला माहीत आहेत, मॅडम. माणूस हळूहळू बदलतो, हे त्यात धरलेलं आहे. पण तुम्ही तीन महिन्यांत दहा वर्षांएवढ्या बदललात."

उपाय होता. शर्वाणीच्या देखत, कॅमेऱ्यासमोर काही डाव खेळायचे आणि ठसा पुन्हा ताडून बघायचा. वृषालीने हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"एक विचारू? मी आत्ता खेळते तशी खेळले, तर तुमचं यंत्र म्हणेल, ही खातेदार नाही. जुन्या वृषालीसारखी खेळले, तर म्हणेल, खातेदार हीच, पण मग गेला महिनाभर दुसरंच कुणी खेळत होतं. बरोबर ना?"

शर्वाणीने कानामागचं पेन काढलं, पुन्हा खोचलं. "बरोबर."

"मग मी खेळू कशी?"

"तुम्ही प्रामाणिकपणे खेळा. याहून जास्त मला सांगता येत नाही."

वृषालीने आवटींसारखी नव्याने नोंद करता येईल का, तेही विचारलं. येत होती. नवं खातं, शून्यापासून सुरुवात, आणि अर्थातच रविवारच्या फेरीत जागा नाही. अकरा वर्षांचे डावही तिच्या नावावर राहणार नव्हते.

अण्णा पलीकडे परातीत मटार सोलत बसले होते. फोनमध्ये लक्ष नाही असं दाखवत, शेंग न् शेंग हळू सोलत. आता त्यांनी न राहवून विचारलं, की बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, ते तरी बाईंना सांगायला सांग. शर्वाणीने यादीच वाचून दाखवली. वेळ कुठे घालवते, प्यादी कशी सरकवते, किल्लेकोट कधी करते. पण सगळ्यांत ठळक गोष्ट एक होती. समोरच्याकडे राजाखेरीज एकच मोहरं उरलं आणि ते फुकट मिळत असलं, तरी वृषाली ते घेत नसे. मात करायला लांबचा रस्ता धरायची, कधीकधी जिंकलेला डाव बरोबरीत घालवायची, पण त्या शेवटच्या मोहऱ्याला हात लावायची नाही. अकरा वर्षांत जवळजवळ कधीच नाही. तिच्या ठशातली ही सर्वांत मोठी खूण होती. आणि गेल्या महिन्यापासून ती ते मोहरं बेलाशक घेत होती.

"ही सवय मला सोबतीने दाखवली," वृषाली म्हणाली. "मला स्वतःला माहीतसुद्धा नव्हती. ती सोडायला फार त्रास झाला. प्रत्येक वेळी चपला घालून देवघरात गेल्यासारखं वाटायचं. का ते कळायचं नाही."

"का म्हणजे?" अण्णा म्हणाले. "घेतलंस तर बुर्जी होईल की."

दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या, एक समोरून आणि एक पडद्यातून.

मग अण्णांनी मटार बाजूला ठेवले. पूर्वी लांबच्या गावांच्या गाड्या डेपोत मुक्कामाला असत. त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर संध्याकाळी विश्रांतीच्या खोलीत पट मांडून बसत, आणि तो खेळ देशी असे. नियम आजच्यासारखे नव्हते. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि नुसता राजा उरला, की डाव तिथेच संपायचा. त्याला बुर्जी म्हणत. बुर्जी म्हणजे ना हार ना जीत. म्हणून शहाणा खेळाडू समोरच्याकडे एक मोहरं शिल्लक ठेवायचा आणि मग मात करायचा. तीही शक्यतो प्याद्याने. वजिराने मात केली तर लोक म्हणायचे ठीक आहे. प्यादेमात केली तर चहा पाजायचे.

"ही सहा वर्षांची असताना मी हिला तोच खेळ शिकवला," अण्णा म्हणाले. "पुढे शाळेतून स्पर्धेला गेली तेव्हा नवे नियम शिकली. खेळ बदलला, हात तोच राहिलेला दिसतोय."

शर्वाणीने विचारलं, की देशीत प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जातं का. अण्णा म्हणाले, छे, एकच. तिने यादीत काहीतरी शोधलं आणि स्वतःशीच मान हलवली. वृषाली प्यादी एकेक घरच सरकवते, ही खूणही त्यात होती.

कल्पना वृषालीची. तिला ती बोलता बोलताच सुचली. अण्णांशी एक देशी डाव खेळायचा, यंत्रासमोर. त्यात शेवटचं मोहरं सोडणं ही चूक नाही, म्हणजे सोबतीच्या शिकवणीशी तिचं भांडण नाही. आणि सोबतीने शिकवलेलं बाकीचं तिला विसरूनही जायला नको. जुनी आणि नवी, जी काय असतील ती, एकाच डावात दिसतील.

"नियमात हे बसतं का?" तिने विचारलं.

शर्वाणीने नियम काढून वाचले. पर्यवेक्षणाखालचा डाव पटांगणाच्या यंत्रणेवर व्हावा, असं त्यात होतं. तो कुठल्या नियमांनी खेळावा, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. "बसत नाही असं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. तिला स्वतःलाच हा डाव बघायचा होता, हे वृषालीच्या लक्षात आलं.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लाकडी पट मांडला. फोन एका उंच डब्यावर आडवा ठेवून त्याचा कॅमेरा पटावर रोखला; त्यातून पटांगणाचं यंत्र खेळ्या टिपणार होतं. पण आधी यंत्राला खेळ शिकवायचा होता. अण्णा सांगत होते आणि शर्वाणी नागपुरात बसून भरत होती. राजाला शह बसला नसेल, तर एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की त्या ओळीच्या मूळ मालकाचं रूप घेतं. हत्तीच्या ओळीत पोचलं तर हत्ती, उंटाच्या ओळीत पोचलं तर उंट.

"आणि राजाच्या ओळीत पोचलं तर, काका?"

"तर वजीर. दोन राजे कसे चालतील? डेपोत एकच मॅनेजर असतो."

"हे नियम सगळीकडे असेच होते का?"

"साताऱ्याचा माणूस वेगळं सांगेल आणि भांडेलही. आमच्या मिरज डेपोत असं."

शर्वाणीने त्या खेळप्रकाराला 'मिरज डेपो' असंच नाव दिलं. अण्णांनी ते पडद्यावर पाहिलं आणि शर्टाची कॉलर नीट केली.

देशी डावात वृषालीने अण्णांना कधी हरवलं नव्हतं. लहानपणी हरून रडायची, मोठेपणी हरून हसायची, आणि गेल्या काही वर्षांत दोघं खेळलेच नव्हते. पहिल्या काही खेळ्या अण्णांनी नेहमीसारख्या झरझर केल्या. वृषाली मात्र थांबली. सोबतीने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की डाव अजून शांत असतो तेव्हाच वेळ घालवायचा, आग लागल्यावर नाही.

"खेळ की," अण्णा म्हणाले. "गाडीची वाट बघत फलाटावर बसल्यासारखी काय बसलीस?"

"गाडी लेट आहे."

"आमच्या वेळी नव्हती."

ती हसली, पण खेळी घाईने केली नाही. अण्णांचा घोडा तिच्या बाजूला घुसला, तेव्हा पूर्वीची वृषाली वजीर घेऊन धावली असती. या वृषालीने एक प्यादं पुढे सरकवलं आणि घोड्याची परतीची वाट बंद केली. अण्णांची भुवई वर गेली. थोड्या वेळाने तो घोडा पडला, मग हत्ती, मग दुसरा हत्ती. अण्णा गप्प झाले. हरताना गप्प बसणारे अण्णा तिने आजवर पाहिलेच नव्हते. खरं तर तिने हरणारे अण्णाच पाहिले नव्हते.

शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक उंट उरला. उंट उघड्यावर उभा होता, वृषालीच्या हत्तीच्या सरळ तोंडासमोर. तिचा हात त्याच्यावरून पुढे गेला आणि कडेच्या प्याद्यावर टेकला. तिने प्यादं एक घर सरकवलं. अण्णांनी उंटाने शह दिला, तिने राजा बाजूला घेतला. अण्णांचा राजा कोपऱ्यात सरकत गेला, तिचा हत्ती एका बाजूने, घोडा दुसऱ्या बाजूने. प्यादं आणखी एक घर गेलं आणि राजाला शह बसला. अण्णांनी चारी बाजूंना बोट फिरवून बघितलं. जायला जागा नव्हती.

"प्यादेमात," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा बघून वृषालीला क्षणभर वाटलं, आपण काहीतरी चुकीचं केलं. मग तिच्या लक्षात आलं, की ते खूश झाले होते, आणि ते लपवायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. तिने विचारलं, की याआधी त्यांना प्यादेमात कुणी दिली होती.

"गडहिंग्लजच्या एका कंडक्टरने. पण तेव्हा मला ताप होता." ते उठले. "बस. चहा मी टाकतो."

शर्वाणीने रात्र व्हायच्या आत निकाल कळवला. तिला स्वतःला एक शंका होती आणि तिने ती आधी तपासली होती. बुर्जीचा नियम कळल्यावर कुणीही शेवटचं मोहरं सोडेल, मग त्यात वृषालीची खूण ती काय? म्हणून तिने वेळ मोजला. सांगितलेला नियम पाळणारा माणूस त्या मोहऱ्यापाशी अडखळतो, त्याला तो नियम आठवावा लागतो. वृषाली अडखळली नव्हती. तिचा हात तिथून जुन्या अकरा वर्षांतल्यासारखाच गेला होता. आणि त्याच डावात, त्याच बैठकीत, सोबतीने लावलेल्या सवयीही लख्ख दिसत होत्या.

"तुमच्या खात्यात आम्ही ज्या चुका म्हणून धरत होतो, त्यातल्या अर्ध्याअधिक या खेळात चुकाच नाहीत," शर्वाणी म्हणाली. "तुम्ही अकरा वर्षं आमच्या पटावर दुसराच खेळ नीट खेळत होता. ते असो. तुमचं खातं खुलं केलंय. उद्या खेळा."

वृषालीने आभार मानले. शर्वाणीने फोन ठेवला नाही.

"अजून एक आहे. सांगावं की नाही, कळत नाही."

"सांगा."

"यंत्राने डाव बघताना काकांचाही ठसा घेतला. तुमचा जुना ठसा आणि त्यांचा, फारसा फरक नाही. आणि तुमचा नवा ठसा सोबतीकडे शिकलेल्या बाकी हजारो लोकांसारखा आहे. पिवळे दिवे सगळीकडेच वाढलेत हल्ली. आधी वाटलं लबाडी वाढली. आता वाटतं, सगळे एकाच मास्तरकडे शिकतायत, म्हणून सगळ्यांचे ठसे एकमेकांच्या जवळ सरकतायत. आणखी काही वर्षांनी माणसं ओळखायची कशी, याचं उत्तर आमच्याकडे नाही."

"जुनी अण्णांची, नवी सोबतीची," वृषाली म्हणाली. "मग यात मी कुठे आहे?"

"दोन्ही ठसे एका डावात ज्या हातात होते, तो हात तुमचा. मी अहवालात तेवढंच लिहिलंय. त्याच्या पुढचं मला मोजता आलं नाही."

झोपताना वृषाली त्यावर विचार करत राहिली, पण तिला त्याचा त्रास झाला नाही. दुपारचा चहा आठवत होता. अण्णांनी त्यात आलं जास्त घातलं होतं.

रविवारी समोर भूजचे एक निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांचं गुणांकन तिच्याहून वरचं, खेळ कवायतीसारखा नेटका. डाव बराच वेळ समतोल चालला. दोन्ही वजीर पटावर होते, आणि अशा वेळी राजाने कोपऱ्यात गुपचूप बसावं, हे सोबतीने तिला शिकवलं होतं. अण्णांनीही तेच शिकवलं असतं. तिने तिचा राजा बाहेर काढला. आधी एक घर, मग आणखी एक, भर पटाच्या मध्याकडे. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिला एवढंच दिसत होतं, की तिकडच्या दोन प्याद्यांना सोबत हवी आहे आणि बाकी सगळे कामात आहेत. कमांडरसाहेबांनी खूप वेळ घेतला. त्यांनी त्या राजावर दोनदा हल्ला केला, दोनदा तो एकेका घराने निसटला, आणि तोवर त्यांचीच फळी विस्कटली होती. वृषाली जिंकली.

अण्णांनी शेजारी खुर्ची ओढून सगळा डाव पाहिला होता. चषकाच्या थेट प्रक्षेपणातला समालोचक तिच्या राजाबद्दल जे बोलला, ते त्यांनी दोनदा मागे नेऊन ऐकलं. मग नेहमीप्रमाणे सोबतीचा अहवाल पडद्यावर आला, आणि वृषालीने तो मोठ्याने वाचला. वजीर पटावर असताना राजा पुढे काढण्याची सवय आढळली आहे. मागे वळून पाहता गेल्या दोन-तीन आठवड्यांत ती आणखी काही डावांत दिसते. ही सवय जुन्या डावांत नाही. ती या प्रोग्रामने शिकवलेली नाही. इतर खेळाडूंच्या डावांत अशा खेळ्या बहुधा हार ओढवतात. ही सवय दुरुस्त करू का? खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही.

"अण्णा, देशीत तुम्ही असा राजा काढायचात?"

"मी?" अण्णा म्हणाले. "माझा राजा आयुष्यात कोपरा सोडून उठला नाही. ही खोड माझी नव्हे."

वृषालीचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं. पुढची फेरी पंधरवड्यावर होती. तिथे समोरचा याहून तगडा असणार, आणि आजचा राजा तिथे पहिल्या झटक्यात मारला जाण्याची शक्यता बरीच होती. तिने अण्णांना तसं सांगितलं. ते म्हणतंय, अंगाशी येईल.

"येईलही," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्यावरचा तो राजा जिथे उभा होता तिथे नीट बघितलं. "पण मला एक सांग. ते सगळं ताडून बघतं ते दुसऱ्यांच्या डावांशी. असा राजा आजवर कुणी नीट चालवलाच नसेल, तर ही खोड चांगली की वाईट, हे त्याला कुणाच्या डावावरून कळणार?"